संकठा घाट: अक्षरं पाच, बाइट पंचवीस!

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. मणिकर्णिका घाटावरून तिच्या प्रवाहाबरोबर निघालं, की आधी शिंद्यांचा सिंधिया घाट लागतो, मग संकठा घाट आणि थोडं पुढे नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट. म्हणजे संकठा घाटाच्या दोन्ही अंगांना मराठी घराण्यांची नावं! जवळच संकटादेवीचं देऊळ आहे. संकटं निवारणारी देवी, तिच्यावरून घाटाला हे नाव. कुणी 'संकटा' लिहितं, कुणी 'संकठा'. माणसाला त्यानं फरक पडत नाही. नावाड्याला दोन्ही कळतात.

कॉम्प्युटरचं तसं नाही. त्याच्या लेखी 'ट' वेगळा आणि 'ठ' वेगळा. 'संकटा' शोध म्हटलं, तर 'संकठा' त्याला सापडणार नाही. ते एक वेळ चालेल. पण घाटांच्या नावांची साधी यादी पडद्यावर सरळ रांगेत उमटवायला सांगितली, तरी तो अडखळतो! का अडखळतो आणि त्याला वळणावर कसं आणायचं, ते पाहण्यासारखं आहे. कारण प्रश्न फक्त काशीच्या घाटांचा नाही. तुमच्याआमच्या नावांचाही आहे.

समजा, एका यात्रा कंपनीच्या ऑफिसात काशीच्या सहलीचा तक्ता करायचा आहे. डावीकडे घाटाचं नाव, उजवीकडे होडीची वेळ. घाट पाच: संकठा, भोसले, दुर्गा, पंचगंगा आणि मणिकर्णिका. ऑफिसातली मुलगी कॉम्प्युटरची जाणकार. ती लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा देते: 'नावासाठी चाळीस घरं ठेव. नाव छोटं असेल तर उरलेली घरं मोकळी सोड. मग वेळ छाप.'

नावं रोमन लिपीत टाकली, की काम चोख होतं. संकठा घाटाची रोमन अक्षरं मधली मोकळी जागा धरून तेरा. कॉम्प्युटर सत्तावीस घरं मोकळी सोडतो आणि वेळ एकेचाळिसाव्या घरात छापतो. पाचही वेळा एकाखाली एक, कवायतीला उभ्या केलेल्या मुलांसारख्या!

आता तीच नावं देवनागरीत. संकठा आणि भोसले यांच्या वेळा चोविसाव्या घरात येतात. दुर्गा घाटाची एकविसाव्या घरात, पंचगंगेची एकोणिसाव्या. आणि मणिकर्णिका घाटाची वेळ तर नावाला खेटूनच बसते, मध्ये एकही घर मोकळं नाही. आज्ञा तीच, कॉम्प्युटर तोच, घाटही तेच. मग बिघडलं कुठे?

निरोप्या आणि चित्रकार

या काळ्या पडद्यामागे दोन गडी काम करत असतात. एकाचं नाव शेल. शेल म्हणजे कवच. कॉम्प्युटरच्या गाभ्याभोवतीचं हे कवच माणसानं टाइप केलेली आज्ञा वाचतं, ती पार पाडतं आणि उत्तर परत पाठवतं. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि तो फार गाजला. पुढे १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी सगळ्यांना मोफत वापरता येईल असा शेल लिहिला. त्याचं नाव 'बॅश'. बोर्न यांच्या नावावर कोटी करून त्याचा अर्थ होतो 'पुन्हा जन्मलेला शेल'. काशीला माणूस पुनर्जन्म चुकवायला जातो, इथे पुनर्जन्माचीच मिरवणूक! नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बॅशची देखभाल चेट रमी करत आले आहेत. खिडक्या आणि चित्रांच्या जमान्यातही जगातले असंख्य सर्व्हर याच शेलच्या आज्ञांवर चालतात.

दुसरा गडी म्हणजे टर्मिनल. शेलनं पाठवलेलं उत्तर पडद्यावर रेखाटणं हे त्याचं काम. शेल निरोप्या, तर टर्मिनल चित्रकार. निरोप्याला अक्षर कसं दिसतं ते माहीत नसतं. त्याच्या हातात असतात फक्त आकडे. चित्रकाराला अक्षर काढता येतं, पण निरोप काय होता हे त्याला ठाऊक नसतं. पडद्यावर काही वेडंवाकडं उमटलं, तर चूक या दोघांपैकी नेमकी कुणाची, हे आधी ठरवावं लागतं. अर्धी दुरुस्ती त्यातच होते.

एकाच नावाची चार मापं

कॉम्प्युटर अक्षरं साठवतो ती आकड्यांच्या रूपात. या साठवणीचं माप म्हणजे बाइट. अमेरिकेत १९६० च्या दशकात रोमन लिपीसाठी 'आस्की' नावाची संकेतसूची ठरली. तिच्यात १२८ जागा होत्या. इंग्रजीला तेवढ्या पुरून उरल्या. पडदाही चौकटीच्या वहीसारखा आखलेला असे. एका ओळीत ऐंशी घरं. हा ऐंशीचा आकडाही जुना, १९२८ च्या आयबीएमच्या भोकं पाडायच्या कार्डांपासून चालत आलेला. त्या जगात सगळं सोपं होतं. एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि एक बाइट म्हणजे पडद्यावरचं एक घर. काहीही मोजा, उत्तर एकच.

देवनागरीत मात्र मोजायला बसलं, की उत्तरं बदलत जातात. 'संकठा घाट' हेच नाव घ्या.

शाळेतलं मूल सांगेल: सं, क, ठा, घा, ट. अक्षरं पाच, आणि मध्ये एक मोकळी जागा.

कॉम्प्युटर अनुस्वार आणि काना वेगळे धरतो. स, अनुस्वार, क, ठ, काना, मोकळी जागा, घ, काना, ट. झाली नऊ चिन्हं.

साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि मोकळ्या जागेला एक. आठ त्रिक चोवीस आणि एक, पंचवीस बाइट.

चौथं माप पडद्यावरच्या घरांचं. तिथे रूढ हिशेब असा, की अनुस्वार, उकार, एक मात्रा आणि पाय मोडण्याची खूण यांना स्वतंत्र घर नाही, कारण ती चिन्हं अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसतात. काना, वेलांटी आणि ओकार यांना मात्र एकेक घर. या हिशेबानं संकठा घाट आठ घरं घेतो.

पाच, नऊ, पंचवीस आणि आठ! आता त्या तक्त्याचं कोडं सुटतं. शेलच्या छापण्याच्या आज्ञेनं, म्हणजे 'प्रिंटएफ'नं, नाव बाइटमध्ये मोजलं. पंचवीस भरले, म्हणून चाळीसमधून पंधराच घरं मोकळी सोडली. पण पडद्यावर नावानं आठच घरं घेतली होती. आठ आणि पंधरा तेवीस, म्हणून वेळ चोविसाव्या घरात. मणिकर्णिका घाटाचे बाइट बरोबर चाळीस भरतात. शेलच्या मते रकाना काठोकाठ भरला, म्हणून त्यानं जागाच सोडली नाही.

चूक की नियम?

इथे गोष्टीला गमतीदार वळण लागतं. ही चूक शेल लिहिणाऱ्यांना माहीत नव्हती असं नाही. छापण्याच्या आज्ञेतली रुंदी बाइटमध्ये मोजावी, असं युनिक्स घराण्याच्या प्रमाण नियमावलीतच लिहिलेलं आहे. म्हणजे बॅश नियमानं वागतो, आणि नियमानं वागूनच मराठी तक्ता वाकडा करतो!

त्याच बॅशला वेगळ्या आज्ञेनं 'या नावाची लांबी किती?' असं विचारा. तो नऊ सांगतो. छापताना पंचवीस धरणारा तोच, आणि विचारल्यावर नऊ सांगणाराही तोच. 'झेड शेल' नावाचा दुसरा शेल छापतानाही चिन्हं मोजतो. 'कॉर्न शेल'च्या १९९३ च्या घराण्यात तर पडद्यावरची घरं मोजून छापण्याची वेगळी सोय केलेली आहे.

मग बॅशचा नियम बदलून का टाकत नाहीत? कारण कित्येक वर्षांत लोकांनी याच नियमावर भरवसा ठेवून कामं उभारली आहेत. ठरावीक बाइटच्या रकान्यात माहिती भरणाऱ्या जुन्या कार्यक्रमांना बाइटचीच मोजणी हवी असते. आज नियम फिरवला, तर मराठी तक्ता सरळ होईल आणि भलतीकडे एखादं चालू काम बंद पडेल. म्हणून जुना नियम तसाच ठेवून शेजारी नवी सोय करायची, अशी या क्षेत्रात रीत आहे. जुन्या वाड्याची भिंत न पाडता शेजारी नवं दार काढावं, तसं.

पुण्याचं कार्ड

देवनागरीला कॉम्प्युटरच्या पडद्यावर बसवण्याची पहिली मोठी खटपट आपल्याकडेच झाली. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांच्या टर्मिनलवर काम सुरू झालं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि हे काम 'जिस्ट' या नावानं पुण्यात आलं. सी-डॅक बहुतेकांना आठवते ती 'परम' महासंगणकामुळे. पण सरकारी कचेऱ्यांतल्या आणि छापखान्यांतल्या कारकुनापर्यंत पोचलं ते जिस्ट.

जिस्ट कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात खोचायचं. मग डीबेस, वर्डस्टार यांसारखे निव्वळ इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसवरचे कार्यक्रम मराठी अक्षरं दाखवू लागत. त्या कार्यक्रमांना आपण मराठी हाताळतो आहोत याचा पत्ताही नसे. निरोप्या तोच, चित्रकार तेवढा नवा!

यामागे 'इस्की' नावाची भारतीय संकेतसूची होती. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं तिला मानक म्हणून मान्यता दिली. तिची युक्ती साधी होती. २५६ जागांपैकी खालच्या अर्ध्यात आस्कीची रोमन अक्षरं जशीच्या तशी ठेवायची आणि वरच्या अर्ध्यात भारतीय लिपी बसवायची. प्रत्येक चिन्हाला एकच बाइट. म्हणजे इस्कीत 'संकठा घाट' नऊ बाइटमध्ये मावत असे. शिवाय देवनागरीतला 'क', बंगालीतला 'क' आणि तमिळमधला 'क' यांना एकच आकडा दिलेला होता. लिपी बदला म्हटलं, की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसे.

पण एका बाइटच्या २५६ जागांत जगातल्या सगळ्या लिप्या मावणं शक्य नव्हतं. मराठी, चिनी आणि अरबी एकाच पानावर आणायची तर मोठी सूची हवी. ती आली १९९१ मध्ये, 'युनिकोड' या नावानं. त्यातला देवनागरीचा विभाग १२८ जागांचा आहे आणि त्याची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे. भारतात झालेली मेहनत अशी जगाच्या सूचीत पोचली.

सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासमोर ताटाखालच्या कागदावर एक आराखडा काढला. युनिकोडचे आकडे बाइटमध्ये कसे लिहायचे, त्याची ही रीत. तिचं नाव यूटीएफ-८. आज इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर याच रीतीनं साठवलेला असतो. तिचा मोठा गुण असा, की रोमन अक्षरांना पूर्वीसारखा एकच बाइट लागतो आणि जुन्या इंग्रजी मजकुराला धक्काही लागत नाही. त्याची किंमत इतरांनी मोजायची. देवनागरीच्या वाट्याला तीन बाइट आले. 'स' म्हणजे २२४, १६४ आणि १८४ हे तीन आकडे. देवनागरीच्या त्या १२८ जागांपैकी कोणतंही चिन्ह घ्या, पहिला आकडा २२४ असतो.

हे तीन आकडे कुणी तीन वेगळी युरोपीय अक्षरं समजून वाचले, तर काय दिसतं? डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', पुढे चलनाचं गोल चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. मराठी ई-मेल कधी अशा चिन्हांच्या माळेसारखी आली असेल, तर कारण हेच. मजकूर पुसला गेलेला नसतो, फक्त चुकीच्या रीतीनं वाचला गेलेला असतो. वाचण्याची रीत बदलली, की तो परत मिळतो.

दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं

आता तक्ता सरळ कसा करायचा? सुचणारा पहिला उपाय म्हणजे डोळ्यांनी पाहत हातानं मोकळ्या जागा वाढवत बसणं. पाच घाटांपुरतं ते जमेल. पण काशीला घाट चौऱ्याऐंशी मानतात, आणि यादीत एक नाव बदललं की सगळं मुसळ केरात. रोगाच्या ठिकाणी औषध लावलं नाही, तर दुखणं जागा बदलत राहतं.

खरी दुरुस्ती क्रमानं करायची. पहिली पायरी म्हणजे शेलला भाषा सांगणं. याला 'लोकेल' म्हणतात. 'मराठी, भारत, यूटीएफ-८' अशी नोंद असेल, तर शेल तीन बाइटचं एक चिन्ह ओळखतो. ही नोंद कोरी राहिली, तर नावाची लांबीसुद्धा तो नऊऐवजी पंचवीस सांगतो आणि मराठी नावाची फाइल यादीत आकड्यांच्या जंजाळासारखी दिसते. देवनागरीच्या कितीतरी तक्रारी या एका नोंदीनं मिटतात.

दुसरी पायरी बाइटऐवजी चिन्हं मोजण्याची. बॅशमध्ये त्यासाठी जुनी युक्ती आहे. नावाचे बाइट आणि चिन्हं यांतला फरक काढायचा आणि रकान्याची रुंदी तेवढी वाढवून द्यायची. संकठा घाटासाठी फरक सोळा, म्हणून चाळीसऐवजी छप्पन्न. तक्ता एकदम सुधारतो. संकठा, भोसले आणि मणिकर्णिका एका रांगेत येतात. पण पंचगंगा आणि दुर्गा अजूनही एक घर डावीकडे सरकलेले! कारण त्यांच्यात घर न घेणारी चिन्हं दोन-दोन आहेत. पंचगंगेत दोन अनुस्वार, तर दुर्गेत एक उकार आणि एक पाय मोडण्याची खूण. इतरांत असं चिन्ह एकेकच आहे.

म्हणून तिसरी पायरी, थेट पडद्यावरची घरं मोजायची. लिनक्समध्ये रकाने पाडणारी 'कॉलम' नावाची आज्ञा आहे. ती प्रत्येक चिन्ह किती घरं घेतं ते पाहून जागा सोडते.

याहून सरळ वाटही आहे. मोकळ्या जागा मोजूच नयेत. टर्मिनललाच सांगावं, 'नाव छापून झालं की एकेचाळिसाव्या घरात जा आणि तिथे वेळ छाप.' टर्मिनलला असे हुकूम देण्याची सोय फार जुनी आहे. नाव कितीही लांब किंवा आखूड असो, वेळ जागेवरच येते.

आणि सगळ्यात घरगुती उपाय म्हणजे वेळ आधी छापायची आणि नाव ओळीच्या शेवटी! वेळेचे आकडे नेहमी सारख्या रुंदीचे. त्यांच्यामागे नाव किती जागा घेतं याची मग फिकीर नाही.

जोडाक्षराची कसरत

निरोप्यानं हिशेब सुधारला, तरी चित्रकाराची साथ लागतेच. मणिकर्णिकेतलं 'र्णि' घ्या. आपल्या डोळ्यांना ते एक अक्षर. कॉम्प्युटरच्या लेखी ती चार चिन्हं: र, पाय मोडण्याची खूण, ण आणि वेलांटी. घरांच्या रूढ हिशेबानं त्याला तीन घरं. पण चांगला चित्रकार रफार डोक्यावर चढवतो, वेलांटी पुढे आणतो आणि सगळं दोन घरांत बसवतो. उरलेल्या घराचं काय? काही टर्मिनल तिथे विनाकारण पोकळी सोडतात. काही हिशेबाला धरून अक्षराचेच तुकडे करतात आणि वेलांटी चुकीच्या बाजूला लावतात. काहींत आज्ञा खोडताना अर्धं अक्षर भुतासारखं मागे राहतं. शेलला वाटतं तीन घरं पुसली, टर्मिनलला वाटतं दोन. दोघांचं एकमत नाही, आणि वाचणारा गोंधळात.

यावर उपाय एकच. 'एक अक्षर' म्हणजे काय, याची व्याख्या दोघांनी सारखी मानायची. युनिकोडच्या नियमांतही बरीच वर्षं देवनागरी जोडाक्षराचे पाय मोडण्याच्या खुणेपाशी दोन तुकडे होत असत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत नियम सुधारला आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड धरली जाऊ लागली. विंडोजचा जुना काळा पडदा देवनागरीच्या बाबतीत कुप्रसिद्ध होता. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये नवं 'विंडोज टर्मिनल' जाहीर केलं, त्यात परिस्थिती सुधारली. म्हणजे १९९१ मध्ये देवनागरी युनिकोडमध्ये आली आणि तिचं जोडाक्षर एक अक्षर आहे, हे नियमात यायला ३२ वर्षं लागली!

अक्षर रेखाटण्यातली चूक नुसती दिसायला वाईट असते, असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतलं 'ज्ञा' हे जोडाक्षर एका विशिष्ट रीतीनं निरोपात आलं, की आयफोनमधले कार्यक्रम कोसळू लागले. ते अक्षर उघडून पाहणंही अवघड झालं. त्याच महिन्यात ॲपलला दुरुस्तीची ११.२.६ ही आवृत्ती काढावी लागली. एका जोडाक्षराची ही ताकद!

नाव मध्येच कापलं तर

तक्ता वाकडा झाला तर फार तर डोळ्यांना खुपतो. नाव कापलं गेलं, तर मात्र नुकसान होतं. 'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या. अक्षरं चार, चिन्हं दहा, बाइट तीस. हेच नाव रूढ रोमन स्पेलिंगात अकरा बाइटमध्ये बसतं. इंग्रजीच्या हिशेबानं कुणी नावासाठी तीस बाइटचा रकाना ठेवला, तर त्यात ज्ञानेश्वर हे एकच नाव मावतं. वडिलांचं नाव आणि आडनाव बाहेर! रकाना वीस बाइटचा असेल, तर उरतं 'ज्ञाने'. त्यापुढच्या 'श'चे तीनपैकी दोनच बाइट शिल्लक राहतात, आणि दोन बाइटचं अक्षर कुणालाच वाचता येत नाही. मग पडद्यावर काळ्या चौकोनी हिऱ्यात प्रश्नचिन्ह उमटतं. हे चिन्ह दिसलं की समजावं, इथे एक अक्षर मध्येच तुटलं आहे.

अशीच गळचेपी मोबाइलवर सगळ्यांनी अनुभवलेली आहे. एसएमएस इंग्रजीत १६० अक्षरांचा असतो. मराठीत लिहायला घेतलं, की मर्यादा ७० चिन्हांवर येते, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात.

नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, असं तिहेरी नाव लिहायची आपली पद्धत. त्यामुळे रकाना बाइटमध्ये मोजला, की फटका बसतो तो नेमका मराठी कुटुंबाला. एका कागदावर पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर अर्धं, असं झालं की हेलपाटे सुरू. चूक असते कुठल्या तरी आज्ञेतल्या मोजणीची, आणि शपथपत्र करायला जातो नावाचा मालक.

चार नावांची परीक्षा

अशा चुका दुरुस्त होतात त्या कुणीतरी नीट कळवल्यामुळे. बॅशमध्ये तर चूक कळवण्यासाठी 'बॅशबग' नावाची आज्ञाच आहे. ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांना 'र्णि' तुटलेलं आहे हे पाहून कळणार नाही. ते मराठी माणसानंच सांगायला हवं. पण 'मराठी नीट दिसत नाही' एवढं सांगून भागत नाही. काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं, प्रत्यक्षात काय दिसलं आणि कार्यक्रमाची आवृत्ती कोणती, या चार गोष्टी लिहिल्या, की दुरुस्ती करणाऱ्याचं काम सोपं होतं. उदाहरण जितकं लहान, तितकं चांगलं.

सोसायटीसाठी, पतपेढीसाठी किंवा शाळेसाठी कुणी नवा कार्यक्रम विकायला आलं, तर शेलचं ज्ञान नसतानाही त्याची परीक्षा घेता येते. चार नावं टाइप करून, छापून मागायची.

'संकठा घाट' छापला की शेजारचा रकाना सरळ रांगेत येतो का, ते पाहायचं. 'मणिकर्णिका'मध्ये रफार आणि वेलांटी आपापल्या जागी बसतात का? 'ज्ञानेश्वर' हे नाव वडिलांच्या नावासह आणि आडनावासह पूर्ण उमटतं का? आणि चौथं नाव 'वऱ्हाड'. यातला अर्धा 'र' मराठीचा खास, आणि तो टाइप करायच्या रीती दोन. एका रीतीनं या शब्दाचे बाइट अठरा होतात, दुसरीनं एकवीस. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एका रीतीनं भरलेलं नाव दुसऱ्या रीतीनं शोधून सापडतं का, हे विक्रेत्यासमोरच तपासावं.

चारांपैकी एकातही तो कार्यक्रम नापास झाला, तर पैसे देण्याआधी दुरुस्ती मागावी. रकान्याची रुंदी वाढवणं आणि मोजणीची रीत बदलणं हे सुरुवातीला थोडक्यात होणारं काम असतं. हजारो नावं कापून साठवल्यावर मात्र ती मूळ कागदांवरून एकेक करून पुन्हा भरावी लागतात.